लॉगिन होईना, म्हणून लिनक्स हद्दपार?



गेल्या महिन्यात आमच्या मराठी शाळेच्या कार्यकारिणीत एक ठराव मांडला गेला. शाळा म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या एका शहरात, भाड्याच्या सभागृहात, दर रविवारी अडीच तास भरणारी बत्तीस मुलांची शाळा. ठराव असा: शाळेकडचे लिनक्सवर चालणारे नऊ जुने लॅपटॉप भंगारात द्यावेत आणि पालकांकडून वर्गणी काढून विंडोज ११ चे नऊ नवे घ्यावेत. कारण काय, तर 'लिनक्सवर लॉगिन होत नाही आणि इंटरनेट चालत नाही'. मतदान पुढच्या बैठकीत आहे.

मी ठरावाच्या विरोधात मत देणार आहे. आमच्या नऊ लॅपटॉपांपुरताच हा वाद असता तर तुमचा वेळ घेतला नसता. पण अगदी हाच वाद, हीच वाक्ये, मी गेली वीस वर्षे या देशात ऐकतो आहे. कधी नगरपालिकेबद्दल, कधी राज्य सरकारबद्दल, कधी आपापल्या कंपनीबद्दल. आणि ती बोलणाऱ्यांमध्ये आपण मराठी आयटीवाले पहिल्या रांगेत असतो.

आधीच सांगून टाकतो, मी तटस्थ नाही. ते लॅपटॉप मीच बसवले होते. आणि त्या रविवारी जे बिघडले, ते बहुतांशी माझ्याच हातून बिघडले होते. तरीही माझे म्हणणे उरतेच. किंबहुना त्यामुळेच उरते.

काय झाले होते?

त्या रविवारी मी भारतात होतो. वर्ग सुरू झाला आणि नऊपैकी चार लॅपटॉपांनी पासवर्ड नाकारला. दोन लॅपटॉपांनी पासवर्ड घेतला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा लॉगिनची चौकट समोर आली. कितीही वेळा करा, तेच. उरलेले तीन व्यवस्थित उघडले, वायफायची खूणही पूर्ण भरलेली, पण एकही पान उघडेना. मुले पंधरा मिनिटे थांबली आणि मग अंगणात खेळायला गेली. व्हॉट्सअॅपच्या गटावर दुपारपर्यंत निकाल लागला होता: 'आम्ही आधीच म्हणत होतो. फुकट ते पौष्टिक नसतं.'

मी परत आल्यावर बुधवारी संध्याकाळी सभागृहाची किल्ली मागून घेतली आणि बसलो. सगळे मिळून सत्तर मिनिटे लागली. काय सापडले ते क्रमाने सांगतो. तांत्रिक वाटले तरी वाचा, कारण खरा मुद्दा त्यातच आहे.

आधी इंटरनेट. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी राउटर बदलला होता. कोणाची गैरसोय नको म्हणून त्यांनी वायफायचे नाव आणि पासवर्ड मात्र जुनाच ठेवला. त्यामुळे लॅपटॉप नव्या राउटरला बिनतक्रार जोडले जात होते. पण वर्षभरापूर्वी प्रिंटर नीट सापडावा म्हणून मी प्रत्येक लॅपटॉपला कायमचा पत्ता देऊन ठेवला होता, १९२.१६८.१ या गल्लीतला. नव्या राउटरची गल्ली १९२.१६८.१७८. फ्रिट्झबॉक्स वापरणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा असेल. घर नव्या गल्लीत, पाटी जुन्या गल्लीची. मग पत्र कसे पोचणार? अशा वेळी पायरी-पायरीने पाहायचे असते. वायफाय जोडले आहे का? आहे. लॅपटॉपला पत्ता कोणता मिळाला? जुना. राउटरला हाक मारली तर उत्तर येते का? नाही. इथेच थांबायचे; त्यापुढे ब्राउझर, डीएनएस, 'लिनक्सचा ड्रायव्हर' यांच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. पत्ता 'आपोआप घ्या' असे केले आणि इंटरनेट सुरू झाले.

मग पासवर्ड न घेणारे चार. मुलांचा पासवर्ड रोमन अक्षरांत 'झिम्मा' असा होता. आता जर्मन कीबोर्डवर अमेरिकन कीबोर्डच्या तुलनेत झेड आणि वाय यांची अदलाबदल असते, हे इथे येऊन पहिल्या आठवड्यात आपण सगळेच शिकतो. भारतात जाण्याआधी मी त्या चार लॅपटॉपांवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला होता आणि त्या गडबडीत यादीत अमेरिकन मांडणी पहिली ठेवली होती. बदल लागू झाला तो पुढच्या वेळी मशीन सुरू झाल्यावर, म्हणजे थेट वर्गात. मूल झेडचे बटण दाबत होते, लॅपटॉपला वाय कळत होता, आणि पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नव्हते. मी तोच शब्द वापरकर्त्याच्या नावाच्या चौकटीत टाइप करून पाहिला. तिथे 'यिम्मा' उमटले.

शेवटी ते दोन, दारातून आत घेऊन लगेच बाहेर काढणारे. तिथे कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबले की चित्रांचा पडदा बाजूला होतो आणि साध्या अक्षरांची खिडकी मिळते. तिथे लॉगिन झाले. म्हणजे पासवर्ड बरोबर होता, अडचण पुढे होती. एका लॅपटॉपची डिस्क शंभर टक्के भरली होती. गणेशोत्सवातल्या नाटुकल्याचे चित्रीकरण कोणीतरी तीनदा उतरवून ठेवले होते. डेस्कटॉप सुरू होताना दोन-चार बारीकसारीक फायली लिहितो. जागाच नसेल तर तो मुकाट्याने परत फिरतो. दुसऱ्यावर .एक्सऑथॉरिटी नावाची एक छोटी फाइल मुलांच्या नावावर नसून 'रूट'च्या, म्हणजे प्रशासकाच्या, नावावर झाली होती. कारण पूर्वी मुलांच्याच खात्यात बसून मी एक खिडकीवाला प्रोग्राम प्रशासकाचे हक्क घेऊन चालवला होता. घरमालकाच्याच खोलीला दुसऱ्याचे कुलूप! फाइलीचा मालक बदलायची एक ओळ, आणि काम संपले.

तर हा सगळा 'लिनक्सचा दोष'. बदललेला राउटर, चुकीची कीबोर्ड मांडणी, भरलेली डिस्क आणि माझा निष्काळजीपणा.

हे विंडोजवर होत नाही?

होते. तुमच्यापैकी जे आधारविभागात काम करतात त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. विंडोजवरही कायमचा पत्ता चुकला की इंटरनेट जाते, लॉगिनच्या पडद्यावर मांडणी बदलली की पासवर्ड चुकतो, आणि 'तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलने आत घेतले आहे' हा निरोप वाचून सगळ्या फायली गेल्या असे समजून घामाघूम झालेली माणसे मी पाहिली आहेत.

मोठे उदाहरण हवे असेल तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार, जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. बर्लिनच्या विमानतळावर उड्डाणे थांबली. कील आणि ल्यूबेक इथल्या विद्यापीठ रुग्णालयाने त्या दिवशीच्या तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया रद्द केल्या. दोष विंडोजचा नव्हता, हे मान्य. माझा मुद्दा वेगळा आहे. दुसऱ्या दिवशी कोणत्या कार्यकारिणीने 'विंडोज हद्दपार करा' असा ठराव केला? एकाही नाही. सगळे म्हणाले, 'काय करणार, तांत्रिक बिघाड!' विंडोज बिघडले की तो बिघाड असतो. लिनक्स बिघडले की तो लिनक्सचा स्वभाव असतो. एकाला जामीन आणि दुसऱ्याला थेट जन्मठेप, हा कुठला न्याय?

'म्युनिकचे काय झाले माहीत आहे ना?'

या वादात हा हुकमाचा पत्ता नेहमी टाकला जातो. आमच्या बैठकीतही पडला. म्हणून म्युनिकचे नेमके काय झाले ते पाहू.

मे २००३ मध्ये म्युनिकच्या नगरपरिषदेने विंडोजऐवजी लिनक्स वापरण्याचा तत्त्वतः निर्णय घेतला. तो होऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः येऊन महापौर क्रिस्तियान ऊडे यांना भेटले होते. २००४ मध्ये निर्णय पक्का झाला, प्रकल्पाचे नाव पडले लिमक्स, आणि २००६ मध्ये प्रत्यक्ष बदल सुरू झाला. २०१३ च्या अखेरीस प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाले तेव्हा जवळजवळ १५ हजार संगणक लिमक्सवर होते. पुढे महापौर बदलले, तक्रारी वाढल्या, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परत जायचे ठरवले.

इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण तक्रारी कोणत्या होत्या? २०१५ मध्ये दोन नगरसेवकांनी गाऱ्हाणे मांडले की दिलेल्या लॅपटॉपवर त्यांना स्वतःला प्रोग्राम टाकता येत नाहीत. हा हक्क देण्या-न देण्याचा प्रश्न आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर तरी आपल्याला कुठे काही टाकता येते? २०१६ मध्ये शहराने बाहेरच्या सल्लागारांकडून तपासणी करून घेतली. मायक्रोसॉफ्टशी व्यावसायिक संबंध असलेली अॅक्सेंचर त्यात होती. त्या अहवालात विंडोजचा पर्याय सुचवला होता हे खरे. पण मुख्य दुखणे संघटनेचे आहे, तंत्राचे नंतर, असेही त्यात स्पष्ट होते: विखुरलेले संगणक विभाग, अस्पष्ट जबाबदाऱ्या, जुन्या आवृत्त्या. शहराच्या स्वतःच्या संगणक-सेवेच्या प्रमुखांनीही विंडोजकडे जाण्याचे सक्तीचे तांत्रिक कारण दिसत नाही असे जाहीरपणे म्हटले होते.

म्हणजे म्युनिकमध्ये काय हरले? माझ्या मते देखभाल हरली. कोणाचे काम कोणते, बिघाड झाला तर कोणाला फोन करायचा, जुनी आवृत्ती कधी बदलायची, हे ठरवणारी व्यवस्था हरली. ती व्यवस्था नसेल तर विंडोजही चालत नाही. आणि २०२० मध्ये त्याच शहरात सत्तेवर आलेल्या ग्रीन आणि सोशल डेमोक्रॅट आघाडीने, जनतेच्या पैशातून घडलेला कोड जनतेसाठी खुला असावा, हे तत्त्व करारात लिहिले. पत्ता टाकणारे ही पुढची ओळ कधी वाचत नाहीत.

मग फरक तरी काय?

बैठकीत एका मित्राने विचारले, 'दोन्ही बिघडतात, दोन्हीला माणूस लागतो, तर विंडोज घेऊन मोकळे का होऊ नये?' प्रश्न रास्त आहे.

उत्तर त्या नऊ लॅपटॉपांच्या जन्मकथेत आहे. ते आमच्याकडे आले कसे? एका पालकाच्या कंपनीने ते काढून टाकले. मोडले होते म्हणून नव्हे. पडदा, कीबोर्ड, बॅटरी सगळे ठीक होते. पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. हे लॅपटॉप त्या यादीत नव्हते. चालत्या यंत्राला दुसऱ्याने ठरवलेल्या तारखेला म्हातारे ठरवले गेले. वर नव्या विंडोज ११ होमचा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करायचा तर तो कंपनीचे खाते मागतो. म्हणजे मराठी शाळेतल्या सात वर्षांच्या मुलीच्या अक्षरओळखीचे दार अमेरिकेतल्या एका कंपनीच्या खात्यातून उघडणार. लॉगिनचा खरा प्रश्न हा आहे! दाराची किल्ली कोणाकडे?

आमच्या लॅपटॉपांचे दार त्या रविवारी अडले, पण ते उघडण्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. उद्या मी गाव सोडून गेलो तरी दुसरा कोणीही ते उघडू शकतो. न्यूर्नबर्गचा, नाशिकचा, कुठलाही. लिनक्स बिघडत नाही असा माझा दावा नाही. त्याचा बिघाड आपल्या आवाक्यात राहतो, एवढाच आहे.

ही चिंता केवळ माझ्यासारख्या हौशी माणसाची राहिलेली नाही. मे २०२५ मध्ये हेग इथल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्याचे ईमेल अमेरिकेच्या निर्बंधांनंतर बंद पडल्याची बातमी आली. आपण न्यायालयाची सेवा थांबवलेली नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले. खरेखोटे बाजूला ठेवू. त्याच वर्षी त्या न्यायालयाने ओपनडेस्क या जर्मन सरकारी पुढाकारातून उभ्या राहिलेल्या खुल्या प्रणालीकडे वळायचे ठरवले. श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांसाठी लिबरऑफिसचा निर्णय जाहीर केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ४० हजारांहून अधिक मेलपेट्या ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्डवर नेण्याचे काम पुरे केले. ते सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, त्या वर्तमानपत्रांतही आल्या. उद्या तिथे काही अडले की आपल्यातलेच कोणी म्हणतील, 'बघा, दुसरे म्युनिक!' तेव्हा एवढेच विचारा: अडले नेमके कोणत्या पायरीवर?

आणि निदान मराठी माणसाने तरी 'बंद' व्यवस्थेचे गोडवे गाऊ नयेत. २००० च्या आसपास आपण मंडळांच्या स्मरणिका आणि पत्रके टाइप करायचो ते दिवस आठवतात? प्रत्येक फॉन्टचे सांकेतिक गणित वेगळे. एका सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यात उघडला की किडामुंगीसारखी चिन्हे. त्या सीडी आजही कपाटात आहेत, पण फॉन्ट आणि सॉफ्टवेअर गेले आणि त्यांच्यासोबत आपलाच मजकूर गेला. आपले लेखन, आपली भाषा, आणि किल्ली भलत्याकडे. त्यातून सुटका झाली ती युनिकोडसारख्या खुल्या मानकामुळे आणि लोहितसारख्या मुक्त फॉन्टमुळे. लोहितची देखभाल पुण्यात बसलेल्या रेड हॅटच्या मंडळींनी केली. जर्मनीत १९९६ मध्ये ट्यूबिंगेनच्या मात्थियास एट्रिश या विद्यार्थ्याने केडीई हा डेस्कटॉप सुरू केला. पुढे तो मराठीत आणण्यासाठी स्वयंसेवक झटले. ही आपलीही मिळकत आहे. ती भंगारात टाकताना निदान हात तरी थबकावा.

आता माझ्या बाजूची चूक

इथवर वाचून लिनक्सप्रेमी मंडळी टाळ्या वाजवत असतील तर थांबा. पुढचे तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी आहे.

त्या रविवारी सभागृहात माझ्या मोजणीने पाच सॉफ्टवेअर इंजिनिअर होते. आणि एक आजी होत्या, लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या. जिल्हा परिषदेत तीस वर्षे टंकलेखन करून निवृत्त झालेल्या. बुधवारी मी काम करत असताना त्या लेकीबरोबर आल्या आणि म्हणाल्या, "मी त्या दिवशीच म्हटलं होतं हो, इथं वायच्या जागी झेड बसलाय. पण आतल्या मशीनला ते ठाऊक आहे का? तर सगळे हसले. म्हणाले, आजी, पासवर्ड चुकला असेल."

त्यांनी निदान केले होते! पण पाच इंजिनिअरांनी ऐकले नाही. आणि ऐकले असते तरी उपयोग नव्हता, कारण प्रशासकाचा पासवर्ड एकट्या माझ्याकडे होता. मी विमानात. कोणाला दिला नव्हता, कुठे लिहून ठेवला नव्हता. का? तोंडाने मी म्हणायचो, 'सुरक्षिततेसाठी'. पण खरे सांगायचे तर 'माझ्यावाचून अडते' याचे सुख होते. आणि कोणी काही विचारले तर 'मॅन्युअल वाचा' म्हणायची सवय.

कंपनीने किल्ली ठेवली तर ती मक्तेदारी, आणि मी ठेवली तर ती सेवा? ज्ञान मूठभरांच्या हातात कोंडून ठेवण्याचा आपल्या समाजाला मोठा इतिहास आहे. आपण, विशेषतः पुरोगामी म्हणवणारे, त्याविरुद्ध भाषणे करतो. आणि संगणकासमोर बसलो की स्वतःच सोवळे नेसतो. मंत्र संस्कृतातले असोत की टर्मिनलमधले, अर्थ सांगायचा नाही आणि हात लावू द्यायचा नाही, ही वृत्ती तीच. खुली प्रणाली बंद मुठीत ठेवली तर ती बंदच झाली. शाळेच्या कार्यकारिणीने लिनक्सवर राग काढला, पण तो माझ्यावर काढायला हवा होता.

याला पर्याय असतो हे केरळने दाखवले आहे. २००१ मध्ये तिथे आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर आल्या. तिथे नुसत्या सीडी वाटल्या नाहीत. शाळेतल्या शिक्षकांनाच शिकवले, त्यांच्यातून पुढचे शिकवणारे तयार केले. महाराष्ट्रातही २००१ पासून एमएस-सीआयटीमुळे लाखो लोकांचा हात संगणकाला लागला, ते काम मोठेच. पण आपल्यात एकूणच संगणक शिकणे म्हणजे कोणता मेनू कुठे आहे ते पाठ करणे, असे समीकरण बसले. मेनूची जागा बदलली की आपण अडतो, आणि अडलो की यंत्र बदलतो. बिघाडासमोर शांतपणे बसून 'कुठपर्यंत ठीक आहे?' हे विचारणे आपण शिकवलेच नाही. त्याला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. त्या आजींकडे ती नव्हती.

'आमचा वेळ मोलाचा आहे, पैसे टाकून मोकळे व्हावे' असेही काहीजण म्हणाले. आहे ना मोलाचा. पण आपण मुलांना रविवारची झोप मोडून मराठी शाळेत का पाठवतो? इंग्रजी आणि जर्मनमध्ये भागते, मराठीवाचून काही अडत नाही. तरी पाठवतो, कारण काही गोष्टी सोय पाहून करायच्या नसतात, त्या आपल्या हाती राहाव्यात म्हणून करायच्या असतात. मराठीला जो नियम, तो मराठी लिहिण्याच्या यंत्राला का नको?

माझा प्रतिठराव

नुसता विरोध करून भागणार नाही, म्हणून पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे.

एक, नऊही लॅपटॉप राहतील. दोन, प्रशासकाचा पासवर्ड बंद पाकिटात चिटणीसांकडे राहील आणि तो किमान तिघांना माहीत असेल. त्यांपैकी निदान एक व्यक्ती आयटीबाहेरची असेल. तीन, भिंतीवर मराठीत एक पान लागेल. इंटरनेट नाही: वायफाय जोडले का, पत्ता कोणता, राउटर उत्तर देतो का, नाव सापडते का? लॉगिन नाही: पासवर्ड नावाच्या चौकटीत टाइप करून पाहा, अक्षरांच्या खिडकीत लॉगिन होते का पाहा, डिस्कवर जागा आहे का पाहा, फायली कोणाच्या नावावर आहेत ते पाहा. चार, जो कोणी काही बदलेल तो वहीत तारीख घालून लिहील, आणि वर्गाच्या आदल्या दिवशी मशीन एकदा बंद करून सुरू करून पाहील. हे कलम माझ्याचसाठी आहे. पाच, नव्या लॅपटॉपांसाठी जी वर्गणी काढायची म्हणतो, तिचा एक छोटा भाग दरवर्षी देखभालीला ठेवायचा. एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याला मानधन देऊन बोलवावे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे आधी आम्हा लिनक्सवाल्यांनीच कबूल केले पाहिजे.

एवढे करूनही वर्षभरात शाळा अडली, तर नवे लॅपटॉप घ्यायच्या ठरावाला मी स्वतः अनुमोदन देईन. पण तोवर नाही.

तुमच्या गावच्या मंडळात, शाळेत, ग्रंथालयात असा प्रसंग आला असेल तर जरूर लिहा. माझे चुकते आहे असे वाटत असेल तर आणखीनच जरूर लिहा. अट एकच. 'लिनक्स चालत नाही' एवढेच लिहू नका. कुठपर्यंत चालले आणि कुठे अडले, ते लिहा.